आईचं कार्ड

लग्नं नोंदवणाऱ्या रब्बीने आईला बसासुद्धा म्हटलं नाही. धाकटी बहीण लिआ आणि तिचा होणारा नवरा दाराशी उभे. बासष्ट साल, इस्रायल. आम्ही बेने इस्रायल, कोकणातून इथे आलेले यहुदी. लग्न करायचं तर आमच्या आज्या-पणज्यांचं यहुदीपण आधी सिद्ध करायचं, असा तेव्हा हुकूम होता.

"हिच्या आजीचं कूळ संशयास्पद आहे," रब्बी आईकडे बोट दाखवून म्हणाला. हिब्रूत. आईला हिब्रू येत नाही. ते मराठीत सांगायचं काम माझं. माझ्याच तोंडाने मी माझ्या आईचा अपमान केला.

"कोन सांगतो?" आईने विचारलं.

त्याने एक कार्ड पुढे सरकवलं. ते मीच टाइप केलेलं होतं.

मी मुंबईची एम.ए., इथल्या विद्यापीठात इतिहासाची संशोधन-साहाय्यक. कोकणातून आलेल्यांच्या आठवणी गोळा करायच्या, असं प्राध्यापकांनी सांगितलं. आमची माणसं राहायची त्या लोद गावात घरोघर फिरले. मावश्यांनी चहा पाजला, पोटातलं ओठावर आणलं. पहिलं कार्ड आईचं. तिच्या आजीचं माहेर तिला ठाऊक नव्हतं, आजी गेली तेव्हा ती पाळण्यात. मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'माहेर: माहीत नाही.' कार्डांच्या कपाटाला दोन किल्ल्या होत्या. एक माझ्या पर्समध्ये, दुसरी प्राध्यापकांकडे.

बसमध्ये आई एवढंच म्हणाली, "बाय, ह्याच्यासाटी लिहून घेतलंस माज्याकडून?"

"दाय, इमा," लिआ म्हणाली. पुरे, आई. माझ्याकडे तिनेही बघितलं नाही. मला लाज वाटली. मग राग आला, तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांना गाठलं. "रब्बींनी काही कार्डं मागितली, आपण दिली," ते म्हणाले. "संशोधक काही लपवत नाही. तू शांत राहा, डॉक्टरेट तुझीच."

"तुमच्या आजीच्या आजीचं माहेर कुठलं?"

ते हसले. त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांचं कार्ड मात्र कुणी केलं नव्हतं.

कुंपणच शेत खातं, आणि ते कुंपण मी होते. कपाट उघडलं, उरलेली सगळी कार्डं पिशवीत भरली. चोरी म्हणा हवं तर. ज्याची त्याला परत केली. काहींनी दारातच घेतली, आत बोलावलं नाही. त्यांचं बरोबर होतं.

नोकरी सोडली. आता घरी बसून विद्वानांचे ग्रंथ संपादित करते. इंग्रजी चांगलं, म्हणून कामं येतात. मी मात्र वाक्यावाक्याचा संशय घेते. 'असे म्हणतात' दिसलं की समासात लिहिते: कोण म्हणतं? त्याला विचारून छापताय का? विद्वान चिडतात. लिआचं लग्न अजून अडलेलं आहे.

परवा एकाने लिहिलं, "बाई, तुम्ही भाषा तपासा. इतिहास आमच्यावर सोडा."

त्याचं हस्तलिखित त्याच दिवशी पोस्टाने परत पाठवलं. सोबत चिठ्ठी: एकदा सोडला होता. आता सोडणार नाही.