झाकणाचा स्विच

सुनेचा हात यंत्रात होता आणि पातं फिरायला लागलं. ती ओरडली नाही. “आई, बंद करा,” एवढंच म्हणाली. मी लाल बटणावर हात मारला. पातं थांबलं, पण तिचा हात पातं आणि पत्रा यांच्यामध्ये दाबून राहिला.

खोडाळ्यात आमचा बायकांचा गट नागलीची बिस्किटं करतो. पीठ या यंत्रात मळतो. पीठ फार घट्ट झालं की मोटर चालवणारी पेटी, तिला ड्राइव्ह म्हणतात, मोटर थांबवते. तशी ती थांबली होती. म्हणून सुनेने झाकण उघडून गोळा काढायला हात घातला. झाकण उघडं असेल तर मोटर चालत नाही, असं आम्हाला शिकवलेलं. त्या दिवशी चालली.

मी जव्हारच्या मेकॅनिकला फोन लावला.

“आजी, नुसत्या बटणावर राहू नका. मेन स्विच पाडा. पेटीवरचा दिवा विझला की पट्टा काढून चाक उलटं फिरवा.”

मेन पाडला. दिवा जळतच होता.

“भाऊ, विझत नाही!”

“आत थोडी वीज उरते. थांबा.”

आम्ही सगळ्या दिव्याकडे बघत होतो. सून माझ्याकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवेना. दिवा विझला. गटातल्या दोघींनी पट्टा काढून चाक उलटं ओढलं आणि हात सुटला. रक्त फार गेलं होतं. फडक्यात हात गुंडाळून मुलाने तिला जीपने जव्हारला नेलं. मेकॅनिक निघाला होता, म्हणून मी मागे राहिले. ते चुकलंच.

तो दुपारी आला. वायरींना मीटर लावून बघत गेला. लाल बटण ठीक. वायरी ठीक. मग झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मीटरची पिपाणी थांबेना.

“झाकण उघडं आहे, पण पेटीला ते मिटलेलंच वाटतंय.”

“पण मोटर आपली आपण कशी सुरू झाली?”

“अडकून थांबली की थोड्या वेळाने ती पुन्हा चालून बघते. तशीच लावलेली आहे. झाकणाच्या स्विचने तिला अडवायचं होतं.”

त्याने तो स्विच खोलला. झाकण मिटलं की दबणारी आतली दांडी लाल चिकट थरात दबलेलीच रुतून बसली होती.

“हे काय भरलंय?”

“कुंकू. मी लावलं, दसऱ्याच्या पूजेला. तेलात कालवून.”

“अहो, पत्र्याला लावायचं! स्विचमध्ये कशाला?”

“हाच स्विच हात वाचवतो, असं तुम्हीच सांगितलंत. म्हणून याला जास्त लावलं.”

त्याने नवा स्विच बसवला, मोटर आपोआप सुरू होणंही बंद केलं. मी फोन हातात धरून बसले होते. फोन वाजला तर उचलायची भीती, नाही वाजला तर त्याची भीती.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. सून वाचली. हात आहे, दोन बोटं वळत नाहीत.