खुणेच्या वरचं ऑइल

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. विषय निघाला की मी चहा सांगायच्या निमित्तानं उठून जायचो. आता गॅरेज पुतण्याकडं आहे, मला उठून जायला जागा राहिलेली नाही. आणि अजूनही आमच्या भागातले मिस्त्री एकमेकांना सांगतात, की भाईचं वेल्डिंग सुटलं आणि त्या गाडीचं इंजिन गेलं. ते खरं नाही. काय झालं ते मला एकट्याला माहीत आहे, म्हणून लिहितो.

बारामती-इंदापूर रस्त्याला आमचं गॅरेज होतं. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या भागीदाराचं. इंजिनाचं काम माझं, वेल्डिंग आणि लेथ त्याचं. काम बहुतेक ट्रॅक्टरचं, नाहीतर उसाच्या ट्रेलरचं. गिऱ्हाइकं मला तात्या म्हणत आणि त्याला भाई, नाहीतर चाचा. तो मला नुसतं ‘मर्दा’ म्हणायचा आणि चिडला की ‘इंजिनिअर साहेब’. मी इंजिनिअर नाही हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

पणदऱ्याच्या एका दूध संकलनवाल्याला गाडी पळवायचा नाद होता. उन्हाळ्यात गाळप बंद झालं की इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याचं आवार मोकळं पडायचं. हौशी मंडळी परवानगी काढून तिथं शंकू मांडायची आणि एकेक गाडी घड्याळ लावून सोडायची. ट्रॅक म्हणायचा तो एवढाच. पण त्यात एक वळण असं होतं, की संपता संपायचं नाही. उसाच्या जोडट्रेलरला वळता यावं म्हणून केलेलं ते वळण. त्या वळणावर ह्या गड्याच्या गाडीचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा आणि गाडी सरळ रस्त्याला लागली की विझायचा.

‘‘वायर ढिली असंल,’’ तो म्हणाला.

‘‘वायर ढिली असती तर दिवा खड्ड्यात पेटला असता. वळणावरच बरा पेटतो?’’ भाई म्हणाला. ‘‘परातीत पाणी घे अन् गोल पळ. पाणी कुठं जातंय सांग मला.’’

‘‘एका कडंला.’’

‘‘मग तेच. इंजिनाच्या खाली चेंबरमधी ऑइल हाय. त्यात जाळी बुडल्याली. जाळीतनं पंप ऑइल ओढतो अन् बेरिंगला देतो. तू असा गोल फिराय लागलास की ऑइल जातं कडंला, अन् जाळी ओढती हवा. बेरिंग कोरडं पडतं.’’

दूधवाला हसला. ‘‘आमच्या कॅनचं असंच हाय चाचा. भरल्याल्या कॅनमधलं दूध हालत न्हाय. निम्मी कॅन असली की वळणावर सगळं झाकणावाटं भायेर.’’

‘‘बघा तात्या,’’ भाई मला म्हणाला, ‘‘गवळ्याला कळलं, तुमाला कधी कळायचं?’’ टोमणा मारायचा असला की मीही त्याचा तात्या व्हायचो.

त्यानं चेंबर उतरवलं आणि आत जाळीभोवती उभ्या पत्र्या बसवल्या. त्यांना छोटी बिजागरीची दारं केली. ऑइल जाळीकडं येताना दार उघडायचं आणि बाहेर पळायला लागलं की मिटायचं. इतकं बारीक काम त्यानं तोवर केलं नव्हतं. लेथवरचा दिवा खाली ओढून तो तासन्‌तास बसायचा, आणि कुणी जवळ आलं तर ओरडायचा. शिवाय ऑइल मोजायच्या गेजपट्टीवर जी खूण असते, तिच्या जरा वर त्यानं ऑइल भरलं. ट्रॅकवर इंजिन सतत जोरात फिरतं, निम्मं ऑइल वरच अडकून राहतं, खाली उतरायला उशीर लागतो, तेवढ्यापुरतं खाली जास्त असलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. मी तेव्हा टायरची हवा बघत होतो. ‘‘ऐकतोयस का?’’ त्यानं विचारलं. मी ‘‘व्हय व्हय’’ म्हणालो.

चाचणीला भाई आणि दूधवाला गाडी आवारात फिरवून आले. दिवा एकदाही लागला नाही. भाई दुसऱ्या दिवशी भाचीच्या लग्नाला कऱ्हाटीला गेला. जाताना दूधवाल्याला बजावून गेला, की वळणावर दिवा लागला तर पाय काढायचा आणि गाडी बाहेर घ्यायची.

गाडी न्यायच्या सकाळी मी गेजपट्टी ओढून बघितली. ऑइल खुणेच्या वर होतं.

जुन्या ट्रॅक्टरात ऑइल वर चढलेलं दिसलं, की डिझेलपंपाचा पडदा फाटून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय असं समजायचं. आमच्याकडचा कुणीही मिस्त्री असं ऑइल दिसलं की आधी काढतो. माझा जन्म त्यात गेला. ही पेट्रोलची गाडी आहे, भाईनं मुद्दाम भरलंय, हे मनात यायच्या आत माझा हात ऑइल सोडायच्या खालच्या बोल्टला गेला होता. खुणेवर येईपर्यंत ऑइल काढलं, हात पुसले आणि गाडी दिली. आपण बरं बघितलं, असंही वाटलं.

दुपारी गाडी दोरीला बांधून परत आली. वळणावर दिवा पुन्हा लुकलुकला होता. पत्र्या बसवल्यात म्हणजे आता नक्की वायरच, असं समजून गड्यानं पाय काढला नाही. मग इंजिन आतून ठोकायला लागलं.

मी चेंबर उतरवलं. एक बेरिंग पार तांब्यापर्यंत घासलं होतं. पत्र्या मात्र जागच्या जागी होत्या. मी बोटानं दारं हलवली, सगळी उघडत होती, मिटत होती. तेव्हा मला सकाळचा बोल्ट आठवला. चेंबरचं तोंड माझ्याकडं होतं. दूधवाला माझ्या पाठीशी उभा होता.

‘‘पत्री सुटली व्हय तात्या?’’

मी म्हणालो, ‘‘तसंच दिसतंय.’’

तो रागावला नाही. ‘‘चाचाचं वय झालं आता,’’ एवढंच म्हणाला. तो गेल्यावर मी पत्र्या कापून काढल्या आणि भंगाराच्या गाडीत टाकल्या.

भाई लग्नाहून आला तो सरळ चेंबरपाशी.

‘‘पत्री कुठं हाय?’’

‘‘भंगारात गेली.’’

‘‘मला बघू तरी द्यायचीस मर्दा. कुठनं सुटली?’’

‘‘कोपऱ्यातनं.’’

‘‘कोपऱ्यातनं?’’ तो खाली बसला. ‘‘तितं तर मी दोनदा वेल्डिंग फिरवलं हुतं.’’ मग म्हणाला, ‘‘ऑइल किती निघालं?’’

‘‘मोजलं न्हाय.’’

तो उठला. ‘‘डोळं कमी झालं असतील माझं,’’ म्हणाला.

त्यानंतर त्यानं चष्मा केला. ट्रेलरच्या हुकाचा जोड असो नाहीतर फाटकाची कडी, हातोडीनं दहा ठिकाणी ठोकून बघितल्याशिवाय द्यायचा नाही. इंजिनातलं काम कुणी आणलं की स्वतःच सांगायचा, ‘‘माझ्याकडं नगा देऊ. माझं एकदा सुटलंय.’’ हे तो इतक्या साधेपणानं सांगायचा, की ऐकणाऱ्याला त्याचं कौतुक वाटायचं. मी शेजारी पाना घेऊन उभा असायचो.

दूधवाल्याच्या नादानं पुढं आणखी दोघातिघांनी गाड्या आणल्या. त्यांच्या पत्र्या मी बाहेरून करून घेतल्या. ऑइल भाईच्याच मापानं भरायचो आणि गेजपट्टीच्या मुठीला लाल चिंधी बांधायचो. एकदा भाईनं ती बघितली.

‘‘ही कशापायी?’’

‘‘वर भरल्यालं हाय. कुणी चुकून काढू नये.’’

‘‘इतका शाणा कोण हाय हितं?’’ तो हसला. मग हसायचा थांबला आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिला. सांगायची वेळ तीच होती. मी चिंधीची गाठ घट्ट करत बसलो. त्यानं वेल्डिंगचा मुखवटा तोंडावर ओढला आणि कामाला लागला.

त्याला ठाऊक झालं होतं का, मला सांगता येणार नाही. मागच्या थंडीत तो गेला. शेवटच्या आजारात मी रोज जायचो. त्याची बायको चहा ठेवून आत जायची, आम्ही दोघंच असायचो. तो विचारायचा, ‘‘काय बोलायचं हाय का?’’ मी गॅरेजचं काहीबाही सांगून उठायचो. दफनाला सगळ्यांबरोबर मीही मूठभर माती टाकली. त्याला सांगायचं ते तेव्हाही पाठ होतं, फार मोठं नव्हतं.

भाई, तुझी सगळी दारं उघडत हुती, मिटत हुती. ऑइल मी काढलं हुतं. मला माफ कर.