तळ्यातलं घर नंबर बासष्ट

एक सांगून ठेवतो, भुताखेताच्या गप्पा रंगल्या की पहिला उठून जाणारा माणूस मी! लोणावळ्याच्या शाळेत गणित-भूगोल शिकवायचो. मोजता येत नाही ते नाहीच, असा माझा खाक्या.

दुसरं महायुद्ध चालू होतं, तेव्हाची ही गोष्ट. खानेसुमारीची ड्युटी आम्हा मास्तरांच्या गळ्यात पडली. माझ्याकडे तळ्याची बाजू आली... रेल्वेच्या चाळी, मुंबईकर पारशांचे बंगले आणि बंगल्यांमागे माळ्यांच्या खोपी. आधी घराघरावर गेरूने नंबर घालायचे, माणसं नंतर मोजायची. पाऊस संपून तळं तुडुंब भरलेलं होतं. एकसष्ट घरं झाली आणि एका खोपीच्या दारात तिथली म्हातारी, ठकूमावशी, आडवी उभी राहिली.

"हितं नंबर घालायचा न्हाई, मास्तर. ह्ये माजं घर न्हाई."

"मग कुठंय तुमचं घर?"

तिने तळ्याकडे बोट केलं. "तितं. पाणंदवाडी."

धरण बांधलं तेव्हा ती वाडी पाण्याखाली गेली, त्याला पंचवीसेक वर्षं झाली होती. मी नियम सांगितला, माणूस राहतो तिथंच त्याचं नाव लिहायचं. म्हातारी ऐकेना. "गाव पान्यात बुडिवलं, आता कागदातबी बुडिवता व्हय? लिवायचं तर पाणंदवाडीत लिवा. न्हाई तर मला धरूच नगा!"

तासभर हुज्जत घातली. माझं डोकं फिरलं. "बरं बाई! बासष्ट नंबर तुमच्या तळ्यातल्या घराचा. पाणी ओसरलं की येतो घालायला, झालं समाधान?"

मी चिडून बोललो होतो, पण म्हातारीचा चेहरा असा उजळला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. "सबूद दिलाय हां मास्तर," ती म्हणाली. आणि त्या तिरमिरीत पुढच्या घरावर मी त्रेसष्ट घातला की हो! वहीत बासष्टची जागा कोरी राहिली. त्यावरून सुपरवायझरची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

माणसं मोजायची वेळ आली तेव्हा खोपीला कुलूप होतं. पौषातल्या थंडीत मावशी वारली होती. म्हणजे ती खोपीत मोजली गेली नाही आणि पाणंदवाडीतही नाही. फार लागलं हो मनाला. सरकारी वहीत आता काही करता येत नव्हतं, पण शब्द पाळणं माझ्या हातात होतं.

वैशाखात तळं खूप आटलं. मी गेरूचा डबा आणि कुंचला घेतला आणि मावशीचा पुतण्या दगडू याला गाठलं. तो म्हणाला, "लय चिखल हाय मास्तर, ऱ्हाऊ द्या." म्हटलं, चल! गुडघाभर गाळ तुडवत निघालो. दगडूने मावशीच्या घराची जागा दाखवली. दगडी उंबरा त्याच दिवशी जेमतेम दिसू लागला होता, त्यावर अजून बोटभर पाणी हलत होतं. आमच्या पावलांखेरीज गाळात एक ठसा नव्हता.

उंबऱ्यावर गेरूने बासष्ट लिहिलेलं होतं.

अक्षर माझं. माझ्या दोनला शेपूट भलतंच लांब असतं, पोरं त्यावरून चेष्टा करायची. बोट लावलं तर बोटाला गेरू लागला... ताजा. दगडूला अक्षरओळख नव्हती, तो नुसता विचारत होता, "काय लिवलंय मास्तर?" मी डबा उघडलाच नाही, उंबऱ्याला हात जोडले आणि परतलो.

मी गप्प बसणारा नव्हे. घरी दगडावर गेरूने तोच आकडा काढून बादलीत बुडवला. सकाळी दगड कोरा, पाणी तांबडं! मावशीला दिलेला तो नंबर तिच्या-माझ्याशिवाय कुणी ऐकलेला नव्हता.

मग एक गोष्ट मात्र हट्टाने केली. शाळेच्या भिंतीवर गावाचा मोठा नकाशा होता. त्यातल्या तळ्याच्या निळ्या रंगात एक ठिपका दिला आणि शेजारी लिहिलं – पाणंदवाडी, घर १, वस्ती १.

तपासणीला आलेले साहेब नकाशापुढे थबकले. "अहो मास्तर, इथं तर पाणी आहे!"

"पाण्याखाली घर आहे साहेब. रीतसर नंबर घातलेला आहे."

"कुणी घातला?"

तेव्हा मी खाली बघितलं होतं. आज तुम्ही विचारलंत तरी तेच करीन. पण तो ठिपका मी शाळा सोडेपर्यंत कुणाला पुसू दिला नाही.