विनायकाची पश्चिमेची खिडकी

विनायक गेल्याचं मला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. नव्या इमारतीत पार्किंग कोणाला, यावर वाद पेटला होता. मध्येच ही बातमी आली, तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि थोड्या वेळाने वाद थांबला होता तिथून पुढे सुरू झाला. शोकप्रस्ताव मी लिहिला, कारण सचिव मी. त्यात 'मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व' असं आहे. विनायक मनमिळाऊ अजिबात नव्हता. तो भूगोलाचा निवृत्त प्राध्यापक होता, आणि कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर बसून हिंदी महासागराबद्दल शेजारच्या बिऱ्हाडाबद्दल बोलावं तसा बोलायचा.

त्याच्या घराला पश्चिमेची मोठी खिडकी होती. उन्हाळ्यात संध्याकाळी तिथे तो बनियनवर बसलेला असे. ''पंखा बंद कर, आला बघ.'' कोण, असं विचारलं की म्हणायचा, ''अरबी समुद्र. घाट चढून आलाय, दमलाय जरा.'' पावसाळ्यातला वारा तर त्याच्या लेखी फारच लांबचा पाहुणा. ''विषुववृत्ताच्या पलीकडून निघतो, पृथ्वी फिरते म्हणून उजवीकडे वळतो. सोमालियाचा किनारा घासून येतो, तिथलं वरचं पाणी बाजूला ढकलतो, मग खालचं गार पाणी वर येतं. एवढं सगळं करून तो दारात आला, तर तू खिडकी लावून घेतोस! पुणेकर शोभतोस.'' विषुववृत्ताकडे साठलेली उष्णता ध्रुवांकडे पोचवायची हमाली वारे आणि समुद्रातले प्रवाह मिळून करतात, हे मी त्याच्याकडूनच शिकलो. त्यांना अजून कोणी शाल-श्रीफळ दिलेलं नाही, म्हणून काम नीट चाललंय, असं मी म्हणालो होतो. हे वाक्य त्याने पुढे स्वतःचं म्हणून वापरलं.

मग सोसायटीचा पुनर्विकास निघाला. सगळ्यांनी संमती दिली, एकटा विनायक राहिला. कमिटीने मला पाठवलं. मैत्री अशा वेळी सरकारी गाडीसारखी वापरतात, आणि मी वापरू दिली. ''दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची,'' मी म्हणालो, ''मग अकराव्या मजल्यावर वाराच वारा.''

''अरे, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी वर्षं उसनी मागतोस?'' तो हसला. मग खिडकीकडे वळून म्हणाला, ''आण पेन. तू म्हणतोस म्हणून. त्या बिल्डरचं तोंडसुद्धा बघायचं नाहीये मला.''

भूमिपूजनाला फेटे होते, ढोल होते, वर घिरट्या घालणारा ड्रोन होता. नगरसेवकांनी 'स्वप्नपूर्ती' हा शब्द इतक्यांदा उच्चारला की मला झोप आली. विनायक आला नाही. तो धायरीतल्या भाड्याच्या घरात सामान लावत होता. मी फोनवर विचारायचो, ''वारा आहे का रे?'' तो म्हणायचा, ''मस्त!'' आणि विषय बदलायचा. मला ते खरं वाटायला हवं होतं, म्हणून वाटलं. धायरी काही सोमालियाइतकी लांब नाही. तरी तो असेपर्यंत मी एकदाही गेलो नाही.

तो गेला हृदयविकाराने. वारा अडला म्हणून हृदय बंद पडत नाही, एवढं मलाही कळतं. पण कळून उपयोग होत नाही...

मागच्या आठवड्यात त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना, भेटायला धायरीला गेलो. त्या घराच्या सगळ्या खिडक्या समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडतात. हात लांब केला तर रंग हाताला लागेल. स्वयंपाकघराच्या दारात, येता-जाता पायात येईल अशी, जमिनीवर एक गादी अंथरलेली होती.

''इथे झोपायचे?'' मी विचारलं.

''हो ना भाऊजी. आल्या दिवसापासून उदबत्ती घेऊन घरभर फिरत होते, धूर कुठे वळतो ते बघत. शेवटी ही जागा सापडली. म्हणाले, गरम हवा वरच्या झरोक्यातून बाहेर जाते, म्हणून बाहेरच्या दाराच्या फटीतून गार हवा खालून आत येते. समुद्रातही असंच चालतं म्हणे. गुडघे इतके दुखायचे, उठताना मला हात द्यावा लागायचा, पण पलंगावर झोपायला तयार नाहीत.''

''मला कधी बोलला नाही.''

''नाही सांगायचं, म्हणाले. तुम्ही मनाला लावून घ्याल.'' मग त्या जरा संकोचून म्हणाल्या, ''गादी उचलवत नाही अजून. बसा ना तुम्ही. पण खालीच बसायला लागेल हं, वर वारा लागत नाही.''

मी गुडघे धरून खाली बसलो. थोड्या वेळाने घोट्यांना गार लागलं.