कप्तानाच्या न्हाणीघरातले कांदे

“लढाईचं नाव काढायचं नाही, अब्बा,” दुल्हाभाई बहरीनमधल्या मुहर्रकच्या पुलावर तिसऱ्यांदा म्हणाले आणि त्यांनी गाडीचा आरसा मागे बसलेल्या माझ्या वडिलांकडे फिरवला.

“मग काय बोलू?”

“हवा. मासळी.”

“ते तर तूच बोलतोस.”

दुल्हाभाई, म्हणजे माझ्या आपाचा नवरा, एका जर्मन कप्तानाची गाडी चालवत. कप्तान महिनाअखेर कायमचा मायदेशी निघाला होता. दुसऱ्या मालकाकडे व्हिसा बदलायला त्याच्या सहीचं पत्र हवं होतं. नाहीतर दुल्हाभाई, आपा आणि शाळेतल्या दोन मुली रत्नागिरीला परत. कप्तान युद्धात पाणबुडीचा कमांडर होता. आणि अब्बा ज्या इंग्रजी जहाजावर सुकाणी होते, ते जर्मन पाणबुडीनेच बुडवलं होतं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. सौदीचा पूल अजून व्हायचा होता. जाणाऱ्यांनी जानेवारी निवडावा. संध्याकाळी स्वेटर लागतो. आपाच्या उम्म अल हस्समहून कप्तानाच्या अरादला टॅक्सी दोन दिनार सांगे आणि दीडवर येई. अरादच्या किल्ल्याजवळ तंदूरची गरम रोटी मिळे, ती वाटेतच खावी. रत्नागिरीहून आपाकडे पाहुणे आलेले अब्बा आणि मी मात्र फुकट, कप्तानाच्याच गाडीतून, त्याच्याच घरी जेवायला चाललो होतो.

घर किल्ल्यापासून जवळ. अब्बा हात धुवायला गेले, चुकीचं दार उघडून उभे राहिले. न्हाणीघरात कांदे, बटाटे, डबे. छताला पावांची जाळी टांगलेली. कमोडवर कोबी.

“दोन संडास होते पाणबुडीत,” कप्तान मागून म्हणाला. “निघताना एकात सामान भरायचो. पन्नास माणसांना उरला एक. सवय राहिली.”

“म्हणजे सगळं खाऊन संपवल्याशिवाय दुसरा उघडत नसे,” अब्बा त्यांच्या जहाजी इंग्रजीत म्हणाले.

कप्तान हसला. दुल्हाभाई म्हणाले, “मासळी फार छान आहे, सर.” मासळी अजून टेबलावर यायची होती.

जेवताना अब्बांनी विचारलंच. “किती जहाजं बुडवलीत? तुमच्या गोदीत बारा म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

दुल्हाभाईंनी भाताकडे पाहिलं.

“एकही नाही,” कप्तान म्हणाला. “तीन फेऱ्या केल्या. पहिलीत टॉर्पेडो चुकले. दुसरीत इंजिन बंद. तिसरीत पकडलो गेलो. दोन वर्षं कैदेत बटाटे लावले. मग मासेमारीचे ट्रॉलर, मग इथली गोदी. बारा मीही ऐकलं होतं. खोडलं नाही. वेल्डर वेळेवर यायला लागले.”

“मग आमचं तुम्ही नाही बुडवलंत.”

दुल्हाभाईंचा घास हातातच राहिला.

“नाही.”

“वाईट झालं. आमचं बुडवणारा पाणबुडी घेऊन वर आला, पावाचा डबा दिला, जमीन कुठे ते हाताने दाखवलं. दिशा बरोबर होती. प्रवाहाचं मात्र सांगितलं नाही. अकरा दिवस वल्हवलं. नावेत नऊ माणसं होतो, सहा उरलो. का नाही सांगितलंस, त्याला एवढंच विचारायचं होतं.”

कप्तानाने ताटं सरकवली, पेन्सिल घेतली. महिना कोणता, वारा कुठला, रात्री कोणते तारे. दोघे म्हातारे टेबलक्लॉथवर ओणवे झाले. काडेपेटी म्हणजे नाव, चमचा म्हणजे किनारा. मासळी गार झाली.

“प्रवाह त्याला ठाऊक नसणार,” शेवटी कप्तान म्हणाला. “नौदलाच्या शाळेत प्रवाहांच्या तासाला आम्ही सगळे झोपायचो.”

अब्बांनी मान हलवली. “वाटलंच.”

गाडी कप्तानाकडेच ठेवून आम्ही टॅक्सीने परतलो. पूल संपल्यावर दुल्हाभाई म्हणाले, “खलास. सही गेली.”

“मासळीचं मी बोललो नाही, ते चुकलंच,” अब्बा म्हणाले.

घरी रत्नागिरीला लोक विचारत, बहरीनला काय पाहिलं. मी किल्ला सांगत असे. अब्बा न्हाणीघर सांगत. अकरा दिवसांची गोष्ट पूर्वी ते ‘दगाबाज’ या शब्दाने संपवत. तो शब्द पुन्हा आला नाही.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तान स्वतः गाडी चालवत उम्म अल हस्समला आला. हातात सही केलेलं पत्र आणि पिशवीभर कांदे. पत्र आपाने कपाटात ठेवलं. कांदे तीनदा धुतले.