पेटीसाठी मदत करा

आमच्या नाचणगावात बाबांचं कापडाचं दुकान होतं. दुकानाच्या जोडीला गावाने न विचारताच त्यांच्या गळ्यात घातलेलं आणखी एक काम होतं, ते म्हणजे मयतीचं. गावात कुणी गेलं की पहिला निरोप दुकानात यायचा. बाबा गिऱ्हाइकापुढे उलगडलेली साडी तशीच टाकून उठायचे. शेजारचे किराणावाले, लोखंडी सामानवाले आणि मंडपवाले असे तिघे येऊन मिळायचे. मग बांबू, गोवऱ्या, लाकडं, सगळं बघता बघता जमायचं. वरचं पांढरं कापड आमच्या दुकानातून जायचं आणि त्याचे पैसे बाबांनी कधी घेतले नाहीत. आई म्हणायची, "लग्नाचा बस्ता वर्ध्याले आन् कफन आपल्याकडं. असं कुठं दुकान चालते का?"

एका मे महिन्यात गावातली एक म्हातारी गेली. तिचा मुलगा बंगलोरला होता आणि तो येईपर्यंत थांबायचं ठरलं. पुलगावहून बर्फाच्या लाद्या आणल्या. पण आमच्याकडचा मे म्हणजे रिक्षातून उतरवेपर्यंतच लादी निम्मी व्हायची. दिवसभर त्या घराच्या उंबऱ्यातून पाण्याची धार रस्त्यावर येत होती आणि गल्लीतल्या कोंबड्या तिथं पाणी पीत होत्या. संध्याकाळी मुलगा आला, धावत दारात शिरला आणि त्या पाण्यावरून घसरून पडला. पाय असा मुरगळला की त्याला उभं राहता येईना. खांदा द्यायला आलेल्यालाच दोघांनी खांदा देऊन स्मशानात न्यावं लागलं.

त्या दिवसानंतर बाबांनी मनावर घेतलं. नागपूरला विजेवर चालणारी थंड पेटी मिळते, वर काचेचं झाकण असतं, दोन-तीन दिवस देह नीट राहतो, असं त्यांनी ऐकलं होतं. ते चौघे जाऊन बघून आले. किंमत ऐकल्यावर परतीच्या एसटीत चौघे तिकिटांच्या मागे आकडे मांडत आले म्हणे.

मग चौघे पावतीपुस्तक घेऊन गावात फिरले. गणपतीला, देवीला हात सैल सोडणारी माणसं या पेटीचं नाव काढताच आत निघून जायची. कुणाच्या घरी लग्न काढलं होतं, कुणाची सून दिवसांत होती. एका पेन्शनरांनी थोडी रक्कम काढून दिली, पण पावती घेतली नाही. म्हणाले, "नाव नका लिहू. वरचा वाचते."

मी तेव्हा वर्ध्याला एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते. मोबाइल अजून बोलण्यापुरताच होता, पण मैत्री जोडायच्या एका साइटचं पोरांना नवं वेड लागलं होतं. लॅबमध्ये माझी पाठ वळली की सगळ्या पडद्यांवर तीच. कुणीही आपला फोटो लावावा, दुसऱ्याच्या पानावर जाऊन निरोप लिहावा, गावाचा किंवा शाळेचा एखादा गट काढावा. आमच्या गावची शिकून बाहेर गेलेली किती तरी पोरं मला तिथं दिसली. पुण्यात, बंगलोरला, अमेरिकेत. मी बाबांना म्हटलं, की गावात फिरण्यापेक्षा यांच्याकडे मागू. पेटीची गरज खरं तर त्यांनाच आहे. सगळे एका जागी सापडतात.

बाबा कापड मोजत होते. म्हणाले, "सापडनं वेगळं आन् देनं वेगळं. दुकानदाराले मालूम असते." पण त्यांनी नाही म्हटलं नाही.

मी गावाच्या नावाने गट काढला. तेव्हा मराठी लिहायची तर इंग्रजी अक्षरांत. गावात पेटी घ्यायची आहे, मदत करा, एवढंच मी पहिल्या निरोपात लिहिलं. पेटी कसली, ते लिहायला मला बरं वाटलं नाही. लोक धडाधड गटात आले. कुणी गावच्या जत्रेची आठवण काढली, कुणी जुन्या मित्राचा पत्ता विचारला. दोघांचं नदीवरच्या कुठल्याशा डोहावरून भांडण लागलं, ते बरेच दिवस चाललं. एकाने माझी जात आणि शिक्षण विचारून घेतलं. बाबा रोज जेवताना विचारायचे, आज काय म्हणतो तुझा कंप्युटर? मी म्हणायचे, लोकांना कल्पना फार आवडली आहे. बाबा भाकरी मोडायचे.

आणि एक दिवस दुकानापुढे ट्रान्सपोर्टची गाडी थांबली. पुण्याहून मोठं खोकं आलं होतं. बाबांनी हाक मारून तिघांनाही बोलावलं. गवतात गुंडाळलेली वस्तू बाहेर काढली, तर हार्मोनियम. सोबत चिठ्ठी होती, की गावात भजनाला पेटी नाही हे वाचून वाईट वाटलं, आजोबांची ही पेटी घरात पडूनच होती, गोड मानून घ्यावी.

चौघांनी ती चारी बाजूंनी बघून घेतली. शेवटी मंडपवाले खाली बसले, भाता हलवला आणि काळी दोन पट्टीत सूर धरला. वाजत चांगली होती. भजनी मंडळ त्याच दिवशी येऊन ती घेऊन गेलं. त्यांच्या म्होरक्याने बाबांना सांगितलं, की आता एक तबला पण मागा.

आता खुलासा करणं भाग होतं. नुसत्या शब्दांनी घोळ होतो, फोटो पाहिजे, असं मी ठरवलं. मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर रोज सकाळी गावातले म्हातारे बसायचे. त्यांत आमचे गुरुजीही असायचे. गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. निम्म्या गावाने त्यांच्या हातची छडी खाल्लेली. त्यांचा मुलगा अमेरिकेत होता. बाबांनी जाऊन विचारलं, फोटो काढू का? देवळाच्या कामासाठी असेल असं समजून सगळे हो म्हणाले आणि टोप्या सारख्या करून बसले. मी तो फोटो गटात लावला आणि खाली लिहिलं, की बाहेरगावी असलेल्या मुलांनो, तुम्ही पोहोचेपर्यंत यांना आम्ही नीट सांभाळू. त्याखाली थंड पेटीची सगळी माहिती दिली.

मजकूर मला फार छान जमला असं वाटलं होतं. पण लोक फोटो बघतात, पहिली ओळ वाचतात आणि तिथेच थांबतात. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन बघते, तर फोटोखाली श्रद्धांजल्यांची रांग लागली होती. गुरुजींच्या आत्म्यास शांती लाभो. गुरुजी, तुमचा मार आठवतो. एकाने विचारलं होतं, सगळे एकदमच कसे गेले? अपघात झाला का?

त्याच दिवशी गुरुजी दुकानात आले होते. गुरुजी एरवी पुस्तकातलं बोलत, पण रागावले की वऱ्हाडीवर यायचे. मी संध्याकाळी घरी पोहोचले, तर ते दुकानातल्या गादीवर माझी वाट बघत बसले होते. सकाळी त्यांच्या घरी अमेरिकेहून फोन आला होता. उचलला तो गुरुजींनीच. मुलगा विचारू लागला, कोण बोलतंय? गुरुजी म्हणाले, मी. तर तो पुन्हा विचारतो, मी कोण? मग तो रडायलाच लागला, आणि आपला बाप जिवंत आहे हे बापालाच त्याला बराच वेळ समजावून सांगावं लागलं.

"माह्या पोरानं मले माह्या मरनाची बातमी देली," गुरुजी म्हणाले. "मी चा पिऊन राह्यलो होतो."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी हार्मोनियमपासून सगळं सांगितलं. गुरुजींनी पूर्ण ऐकून घेतलं आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, की लिहून टाक, मी जिता हाय. दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं, की गुरुजी व फोटोतील सर्व मंडळी हयात असून तब्येती ठणठणीत आहेत. त्याखाली लोकांनी अभिनंदन लिहिलं.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण पुढच्या आठवड्यात गुरुजी पुन्हा दुकानात. आता आवाज वेगळा होता. आधी इकडचं तिकडचं बोलले, मग विचारलं, की अजून कोणी काही लिहिलं का? मी जुन्या विद्यार्थ्यांचे निरोप सांगितले. त्यांनी प्रत्येकाची बॅच आणि मार्क आठवून दाखवले. उठता उठता म्हणाले, की रविवारी मुलाचा परत फोन आला होता. काही काम नव्हतं, सहजच. आधी तो दिवाळी-संक्रांतीला करायचा. मग दारात थांबून माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो फोटो जुना झाला असंन ना आता?"

मी ओट्यावर गेले, तर सगळे अंघोळी करून, इस्त्रीचे सदरे घालून बसलेले. एकाने नातवाचा काळा चष्मा लावला होता. प्रत्येकाच्या घरी कुठून ना कुठून फोन आला होता आणि आपल्याला कुणी फोन केला, काय बोलला, याची ओट्यावर चढाओढ चालली होती. तेव्हापासून मी दर आठवड्याला नवा फोटो लावू लागले. त्यांच्यात एक आजोबा होते, त्यांचा मुलगा नालवाडीला राहायचा. म्हणजे एसटीने सहज यावं एवढा जवळ, आणि तरी तो फिरकत नव्हता. सगळे गेल्यावर ते माझ्यामागून चालत आले आणि हळूच म्हणाले, "बाई, कंप्युटर नालवाडीले दिसते का?"

मी म्हटलं, दिसतो. मुलगा त्या साइटवर नव्हता, पण कॉलेजातला नातू होता. त्याने त्या फोटोचं घरी सांगितलं असावं. दोन रविवारांनी मुलगा, सून, नातू असे तिघं एकाच मोटरसायकलवर बसून आले. आजोबांनी त्यांना आधी ओट्यावर आणलं, सगळ्यांना दाखवलं आणि मगच घरी नेलं.

पेटीसाठी मात्र अजून काही आलं नव्हतं. पाठवतो म्हणणारे पुष्कळ होते. बाबा म्हणाले, की फोन आले, पाहुणे आले, बाजाची पेटी आली, थंड पेटीचीच तेवढी वाट बघून राह्यलो. हे गुरुजींच्या कानावर गेलं. ते ओट्यावरच्या सगळ्यांना घेऊन दुकानात आले. बाबांनी घाईने चहा सांगितला.

गुरुजी म्हणाले, "पेटीचे गिराईक कोन? आमी. मंग दुसऱ्याले काऊन मांगून राह्यले?"

त्यांनी पेन्शनीतून आपला वाटा ठेवला. बाकीच्यांनी झेपेल तसं दिलं. काळ्या चष्म्यावाल्यांनी पावतीही मागून घेतली. रविवारी गुरुजींनी मुलाला फोनवर हे सांगितलं, तेव्हा त्यानेही पाठवलं. मी गटात त्याचे आभार मानले, नाव आणि गल्ली लिहून. एवढंच केलं, आणि जे घडलं ते मला कॉलेजच्या कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. ज्यांची नावं तिथं नव्हती त्यांना आपलं नाव नसल्याचं दिसू लागलं. त्यांच्या गल्लीतल्यांनाही दिसू लागलं. मागून मागून काही आलं नव्हतं, ते आभार मानल्यावर यायला लागलं. बाबांना मी समजावून सांगायला गेले, तर ते म्हणाले, की गणपतीच्या वर्गणीदारांच्या नावांचा फळा आम्ही देवळापुढं यासाठीच लावतो, तुला काय वाटलं.

पेटी टेम्पोतून आली. ती ठेवायची कुठं यावर पुन्हा गाव मागे सरलं, तेव्हा ती आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आली. आईने तिच्यावर फुलाफुलांची चादर घातली. तरी साडी बघायला आलेल्या बायका त्या दाराकडे पाठ करून बसायच्या. उद्घाटनाला पुढारी यायला तयार होईना. गुरुजींनीच नारळ फोडला आणि बटण दाबलं. दिवा लागला, आत घरघर सुरू झाली, सगळ्यांनी काचेला हात लावून बघितला आणि वीज गेली. लोडशेडिंगचं वेळापत्रक कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मंडपवाल्यांनी आपलं जनरेटर द्यायचं कबूल केलं आणि त्या भरवशावर एका लग्नाचं श्रीखंड पेटीत ठेवू द्या म्हणून विचारलंही. अजून कोरीच आहे, असं त्यांचं म्हणणं. बाबांनी खरोखर थोडा विचार केला आणि मग नाही म्हटलं.

पुढे पेटी आजूबाजूच्या खेड्यांत पुष्कळ फिरली. बाबा तिच्यासोबत टेम्पोत बसून जात, दुकान आईवर टाकून.

गुरुजी त्यानंतर दोन-तीन वर्षांनी गेले, पौषात. तोपर्यंत दर रविवारच्या फोनवरून मुलाचं दर वर्षी येणं सुरू झालं होतं. तेव्हाही तो घरीच होता. रात्री वडिलांशी बोलत बसला होता आणि पहाटे त्यांना उठवायला गेला, तर ते उठले नाहीत. बाबा नेहमीसारखे पांढरं कापड घेऊन पोहोचले. मीही सोबत गेले. अंगणात शेकोटी होती, ओट्यावरचे सगळे तिच्याभोवती बसले होते. बाबांनी मुलाला बाजूला घेऊन विचारलं, की कुणाची वाट बघायची आहे का, पेटी आणायला सांगू का?

मुलाने बाबांच्या हातातलं कापड आपल्याकडे घेतलं. मग म्हणाला, "नाही काका. मी इथंच आहे."

बाबांनी मान हलवली आणि बांबू आले का ते बघायला गेले.