भिंतीची फूग

त्या श्रावणात घरातल्या प्रत्येक वस्तूला एकच वास येत होता: कपाटातल्या साड्यांना, गव्हाच्या डब्याला, अगदी देवघरातल्या वातींनाही, बंद ट्रंकेत विसरलेल्या ओल्या टॉवेलचा. २०१६ साली नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही नगरच्या कोरड्या मुलखातून तलासरीला आलो होतो. तिकडे दोरीवरचे कपडे बघता बघता कडकडीत वाळत. इथे दिवसचे दिवस पंख्याखाली लोंबूनही ते हाताला गार लागत, आणि बाहेर चिकूच्या वाडीवर करड्या उजेडाचा अखंड पडदा झुलत राही.

माझी चार वर्षांची मुक्ता त्याच दिवसांत खोकू लागली. आधी नुसता खोकला, मग दुपारी निजली की छातीतून बारीक शीळ. डहाणूच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि घरात ओल आहे का, असं विचारलं. या मुलखात ओल नाही असं घर कुठलं, असं मनाशी म्हणत मी नुसती मान हलवली.

घरमालकीण हंसाबेन वरच्या मजल्यावर राहत. मराठी बोलत, पण गुजरातीत भिजवून. मुक्ताला बघायला आल्या आणि तिच्या गादीमागच्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या, “बेन, इथे फूग आली ने. बेबीला इथे नको सुवाडू.”

माझ्या मराठी कानांना एवढंच कळलं, की भिंत फुगली आहे. पाणी पिऊन फुगलेली भिंत पडते, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी घाबरून गादी ओढत कपाटाशेजारच्या कोपऱ्यात नेली, आणखी पाणी मुरू नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या, फटींत चिंध्या कोंबल्या, आणि कुठे पोकळ वाजते का, हे ऐकत दिवसभर भिंतीवर टिचक्या मारत फिरू लागले. नवरा हसायचा, पण येताजाता तोही तळवा टेकवून बघायचा. शीळ मात्र वाढतच गेली.

पुन्हा आल्या तेव्हा हंसाबेन दारातच थबकल्या. “खिडकी काय बंद करून ठेवली?” भिंत पडेल ना, असं मी म्हटल्यावर त्या गोंधळल्या. “भिंत कशाला पडेल? फूग, बेन. लोणच्यावर येते ती.”

म्हणजे बुरशी! मला हसू फुटलं, आणि ते ओठांवर असतानाच माझी नजर कपाटाकडे गेली. नवऱ्याने ते सरकवलं. मागे भिंतभर काळपट हिरवी लव माजली होती, आणि तिला लागूनच मुक्ताची उशी. तिला वाचवायला म्हणून मीच तिला तिथे नेऊन निजवलं होतं.

मुक्ताला वर हंसाबेनकडे ठेवून, नाकातोंडाला फडकी बांधून आम्ही भिंत ब्लीचिंगच्या पाण्याने पुसली, कपाट वीतभर पुढे घेतलं, खिडक्या उघड्या टाकल्या. उशी फेकून दिली. दसऱ्याच्या सुमाराला हवा कोरडी झाली, चिकूच्या पानांवर पिवळं ऊन आलं आणि शीळ थांबली. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नको.

माझी काळजी मात्र गेली नाही. मुक्ता अंगणातून धावत आली की मी तिला धरून छातीला कान लावायची; निजली की वाकायची, खेळता खेळता गप्प झाली तरी वाकायची. एका दुपारी अशीच वाकले तर काहीच ऐकू येईना. मी चेहऱ्याकडे पाहिलं: डोळे टक्क उघडे, ओठ घट्ट मिटलेले. मला आवाज येऊ नये म्हणून माझी पोर श्वास रोखून पडली होती.